मैहर बँड कोणी सुरू केला आणि तो माणूस कोण होता?

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी. लोक त्यांना सतारवादक रविशंकर आणि सरोदवादक अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून ओळखतात. पण ते मैहर या आजच्या मध्य प्रदेशातल्या छोट्या संस्थानी गावचे बँडमास्तरही होते, आणि ते काम मला तितकंच मोठं वाटतं. जन्म आजच्या बांगलादेशातल्या शिबपूरचा. तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडे ते व्हायोलिन शिकले, पुढे रामपूरला वीणावादक वझीर खाँकडे तालीम घेतली. मग मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना दरबारी ठेवलं.

१९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेली मुलं गोळा करून बाबांनी, म्हणजे अल्लाउद्दीन खाँनी, त्यांना वाजवायला शिकवलं. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो अशी देशीविदेशी वाद्यं एकत्र, आणि वाजवायचे ते राग. यातला नलतरंग तर खास त्यांचाच: बंदुकीच्या नळ्या कमीजास्त लांबीच्या कापून स्वरात लावलेल्या, जलतरंगासारख्या काड्यांनी वाजवायच्या. शिकवताना ते भयंकर कडक. मुलगी अन्नपूर्णा देवी त्यांच्याकडेच शिकल्या आणि पुढे मुंबईत राहून त्यांनी हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. बाबा १९७२ साली मैहरलाच वारले. बँड मात्र त्यांच्यानंतरही चालू राहिला.