पहिलं पोस्टिंग वाणिज्य दूतावासात मिळालंय, म्हणून

पहिलं पोस्टिंग राजधानीतल्या दूतावासात न मिळता दुसऱ्या शहरातल्या वाणिज्य दूतावासात, म्हणजे कॉन्सुलेटमध्ये, मिळालं, म्हणून तुम्ही थोडे हिरमुसलेले दिसता. हे काम दुय्यम आहे का, दिवसभर नेमकं करायचं काय, कायद्याचं संरक्षण किती आणि पत्नीच्या नोकरीचं काय, असे तुमचे प्रश्न आहेत. मी परराष्ट्र सेवेत एकोणीस वर्षं होते. सुरुवात कॉन्सुलरच्या खिडकीमागेच झाली, आणि शेवटचं पोस्टिंग ज्या देशात होतं तिथेच आता कायमची राहते आहे. तेव्हा मनापासून सांगते, हिरमुसू नका.

सकाळ खिडकीवर जाते. हरवलेले पासपोर्ट, बाळांच्या जन्माच्या नोंदी, व्हिसाचे अर्ज, कागदपत्रांचं साक्षांकन. बघायला हे कारकुनी काम वाटतं. पण समोरच्या माणसाचं विमान, लग्न, नोकरी, काही ना काही त्या एका शिक्क्यावर अडलेलं असतं. दुपारी पोलीस, इस्पितळं, स्थानिक खाती यांच्याशी पत्रव्यवहार. आणि पाळी असेल त्या आठवड्यात ड्यूटी फोन उशाशी. रात्रीचा फोन बहुतेक वेळा अटकेचा, अपघाताचा किंवा मृत्यूचा असतो.

मृत्यूच्या प्रकरणांची तयारी आधीच करून ठेवा. मृतदेह मायदेशी पाठवायचा तर मृत्यूचा दाखला, देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, आपल्या कार्यालयाची परवानगी आणि मृत्यू संशयास्पद असेल तर पोलिसांची मोकळीक, असं सगळं जुळवावं लागतं. एक कागद राहिला तरी विमान चुकतं, आणि तिकडे घरचे विमानतळावर उभे असतात. नातेवाइकांना रोज ठरलेल्या वेळी फोन करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एका वडिलांनी तीन दिवस माझ्या फोनची वाट पाहिली, तेव्हा कळलं. अजून ते बोचतं.

पहिल्याच वर्षी मी एका कैद्याला भेटायला गेले. मारामारीचं प्रकरण, चार महिने आत. मी आपल्या भाषेत ‘कसे आहात?’ म्हटलं तर तो नुसता बघत राहिला. चार महिन्यांत त्याच्याशी त्या भाषेत कोणी बोललंच नव्हतं. मी वकिलांची यादी, घरचा निरोप, सगळं घेऊन गेले होते. त्याने मागितला चष्मा. अटकेच्या वेळी तो फुटला होता, आणि आरोपपत्राचा अनुवाद हातात असूनही त्याला एक ओळ वाचता येत नव्हती. नंबरही आठवत नव्हता. त्याच्या बायकोला डॉक्टरची जुनी चिठ्ठी शोधायला लावली, चष्मा करून घेतला, तुरुंगाची परवानगी काढून पोचवला. अकरा दिवस गेले. पुढच्या भेटीत त्याने अनुवादातल्या दोन चुका मला बोट ठेवून दाखवल्या, आणि वकिलाने त्या कोर्टात मांडल्या. त्याला सोडवणं माझ्या हातात नव्हतं. ते कोणाच्याच हातात नसतं, हे नातेवाइकांना पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा. खोटी आशा फार महागात पडते.

ही भेट म्हणजे त्या देशाची मेहेरबानी नव्हे. वाणिज्य दूतावासांबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क विनाविलंब सांगावा लागतो, आणि त्याने म्हटलं तर वाणिज्य दूतावासाला कळवावं लागतं. लाग्रँड बंधूंचं प्रकरण जरूर वाचा. हे दोघे जर्मन नागरिक. १९८२ साली अमेरिकेत पकडले गेले, आणि जर्मन अधिकाऱ्यांना ते कळलं १९९२ मध्ये, तेही त्या भावांकडूनच. १९९९ मध्ये दोघांना देहदंड झाला. अमेरिकेने कराराचा भंग केला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००१ मध्ये दिला. तोवर दोघेही गेलेले होते. खिडकीमागचं काम दुय्यम म्हणणाऱ्याला मी हेच सांगते.

आता संरक्षणाचं. इथे तुमची समजूत दुरुस्त करायला हवी. तुम्ही ज्याच्या भरवशावर आहात तो १९६१ चा व्हिएन्ना करार दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी आहे. वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला १९६३ चा लागू होतो, आणि त्यात संरक्षण फक्त कामाच्या ओघात केलेल्या कृतींपुरतं आहे. गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या आदेशाने अटकही होऊ शकते. घरच्यांना तर खटल्यापासून संरक्षणच नाही, दोन देशांत वेगळं काही ठरलं नसेल तर. पत्नीला हे निघण्याआधी सांगा. गाडीचा विमा पहिल्या दिवसापासून हवा, करारातच तसं बंधन आहे.

मेजवान्यांबद्दल फार लिहीत नाही. दोन तास उभं राहायचं, ज्याची वेळ तीन आठवडे मिळत नव्हती त्याला गाठायचं, आणि आठवतंय तोवर घरी येऊन टिपून ठेवायचं. तेही कामच.

पत्नीच्या नोकरीबद्दल मात्र आजच चौकशी करा. काही देशांमध्ये आपसांत करार असतो आणि जोडीदाराला काम करता येतं. नाहीतर स्थानिक नियमांवर सगळं अवलंबून. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून नेऊ नका. माझ्या नवऱ्याने पहिल्या पोस्टिंगला सव्वा वर्ष घरात काढलं. तो कधी बोलला नाही, पण घरात आलं की ते जाणवायचं. दुसऱ्या वेळी आम्ही आधी त्याचं काम ठरवलं आणि मग सामान बांधलं.

कार्यालयात जे स्थानिक कर्मचारी वर्षानुवर्षं आहेत त्यांना मान द्या. कोणत्या पोलीस चौकीत कोणाशी बोललं की काम होतं, हे त्यांनाच माहीत असतं. आणि आधीच्या अधिकाऱ्याकडून पहिल्या दिवशी एक यादी मागून घ्या: तुरुंगात असलेले आपले लोक कोण, आणि प्रत्येकाला शेवटचं कधी भेटलात ती तारीख. सगळ्यात जुनी तारीख ज्याच्या नावापुढे असेल, त्याच्या भेटीची परवानगी त्याच आठवड्यात मागा.