नवीन लाँच झालेला महागडा परफ्यूम किंवा फाउंडेशन घेण्याआधी कसं पारखायचं?

तुम्ही लिहिलंय की या दिवाळीला पहिल्यांदाच स्वतःसाठी एक चांगला परफ्यूम आणि एक फाउंडेशन घ्यायचंय, दोन्ही नुकतीच बाजारात आलेली. मॉलमध्ये गेलं की गोंधळ उडतो, आणि याआधी दोनदा पैसे वाया गेलेत. पुण्यात राहून हे नीट कसं पारखायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली दहा-अकरा वर्षं नवीन काही आलं की जाऊन लावून बघते. बहुतेक वेळा फक्त लावून बघते. दहादा बघितलं तर एखादी वस्तू घरी येते, आणि ती मग शेवटच्या थेंबापर्यंत वापरली जाते. माझा नियम एकच आहे: पहिल्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही. लावायचं आणि घरी यायचं.

हा नियम मी चुकून शिकले. भाच्याच्या मुंजीच्या आदल्या आठवड्यात एका काउंटरवर नवीन फाउंडेशन आलं होतं. तिथल्या दिव्यांखाली चेहरा असा काही उजळला की मी तिथेच साडेचार हजार मोजले. मुंजीच्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या अंगणात मावशीने हात धरून हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का गं? चेहरा उतरलाय तुझा." फोटो आले तेव्हा कळलं. मान माझी होती आणि चेहरा राखाडी होता.

झालं असं होतं की माझी कांती गव्हाळ आणि तिच्याखालची झाक पिवळसर, तर बाटलीतल्या शेडची झाक गुलाबी. आपल्याकडे गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी एवढं आपण पटकन सांगतो, पण फाउंडेशन निवडताना ही खालची झाक जास्त महत्त्वाची असते. ती चुकली की शेड कितीही जवळची असली तरी चेहरा वेगळा दिसतो. त्यातून बऱ्याच फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असतं. आपल्या रंगावर ते जास्त झालं की राखट छटा येते, आणि फ्लॅशच्या फोटोत तर ती ठळकच दिसते. उलट काही फाउंडेशनं लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात गडद होतात, केशरी पडतात. यातलं काहीही काउंटरच्या आरशात पाच मिनिटांत दिसत नाही.

म्हणून फाउंडेशन बघायला जाताना सकाळी मॉल उघडतो त्या वेळी जा, चेहऱ्यावर सनस्क्रीनशिवाय काही लावू नका. मी बहुतेक वेळा विमाननगरच्या फिनिक्स मॉलमधल्या सेफोरा या मेकअप-परफ्यूमच्या दुकानात जाते, कारण ऑफिस येरवड्याला आहे आणि तिथून ते जवळ पडतं. जवळजवळच्या तीन शेड घ्यायच्या आणि जबड्यावरून मानेपर्यंत तीन पट्टे ओढायचे. मनगटावर बघू नका, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. मग तडक बाहेर उन्हात यायचं, मोबाईलचा कॅमेरा काढायचा आणि बघायचं की कुठला पट्टा दिसेनासा झाला. जो दिसत नाही तो तुमचा. पण तो लगेच घ्यायचा नाही. तीच शेड पूर्ण चेहऱ्याला लावून मागायची आणि उरलेला दिवस तशीच काढायची. शक्य असेल तर छोट्या डबीत दोन दिवसांपुरतं सॅम्पल मागायचं. बरेच जण देतात, फक्त आपण मागत नाही.

आता पुण्यातल्या बाईकडे एक परीक्षा अशी आहे, जी कुठल्याही जाहिरातीत नसते. ती म्हणजे स्कार्फ. मी कोथरूडला राहते. संध्याकाळी साडेसहाला नगर रोडवरून निघून बंडगार्डन, डेक्कन, कर्वे रोड असं घरी पोहोचायला तास-सव्वा तास लागतो. एवढा वेळ तोंडाला घट्ट स्कार्फ, त्यावर हेल्मेट, सिग्नलला गरम धूर आणि हनुवटीखाली घाम. घरी पोहोचले की लिफ्टच्या आरशासमोर मी स्कार्फ सोडते आणि आधी स्कार्फ बघते, मग चेहरा. नाकाच्या दोन्ही बाजूंना जिथे कापड घासतं तिथे किती निघालं? ओठांचा ठसा आतल्या बाजूला पूर्ण उमटलाय की नुसती पुसट रेघ आहे? मागच्या वर्षी एक लिक्विड लिपस्टिक आली होती, 'ट्रान्सफर होत नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली. स्कार्फवर एक कणही नव्हता, हे खरं. पण ओठांच्या आतल्या कडेला ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली होती. दुसऱ्या एका, साध्या क्रीमच्या लिपस्टिकचा ठसा स्कार्फवर आला, पण ओठांवर तेवढाच सुंदर रंग शिल्लक राहिला. मी दुसरी घेतली. ती अजून पर्समध्ये आहे, तळाशी आलीये.

लिपस्टिकचा टेस्टर मात्र थेट ओठांना कधीच लावू नका, कुणीही आग्रह केला तरी. तिथे दिवसभरात किती जणींनी लावलं असेल सांगता येत नाही आणि ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा संसर्ग अशानेही पसरू शकतो. लिपस्टिकचा वरचा थर स्पिरिटने पुसून, एकदा वापरून टाकायच्या काडीने घेतलेलंच लावायचं. नाहीतर बोटाच्या पेरावर बघायचं. पेराचा गुलाबी रंग ओठांच्या जवळ जातो. मस्कारा आणि काजळाचा टेस्टर तर डोळ्याजवळ नेऊच नका.

परफ्यूमबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण लोक सर्वात जास्त पैसे तिथेच घालवतात आणि सर्वात कमी वेळही तिथेच देतात.

आपल्याकडे हळदीकुंकवाला अत्तर कुठे लावायचे आठवतंय? हाताच्या पाठीवर, अगदी थोडं. मग बायका तासभर गप्पा मारायच्या, घरी जायच्या, आणि रात्री भांडी घासून झाल्यावरही हात नाकाशी नेला की वास यायचा. रविवार पेठेतल्या अत्तराच्या दुकानात अजूनही फाया देतात, कानाच्या पाळीत ठेवायला. तिथे कुणी घाई करत नाही. जा, फिरून या, मग सांगा. महागडा परफ्यूम बघण्याची पद्धत हीच आहे, ती आपल्या घरात आधीपासून होती.

कारण वास एक नसतो, तो वेळेनुसार उलगडत जातो. फवारल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं येतो तो लिंबू, बर्गमॉट असल्या हलक्या, पटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. मग दोन-तीन तास फुलं, मसाले. आणि शेवटी कातडीवर उरतं ते चंदन, अंबर, व्हॅनिला, मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास. माझं स्पष्ट मत आहे की आजकालचे पुष्कळ नवे परफ्यूम पहिल्या दहा मिनिटांवर मेहनत घेऊन केलेले असतात, कारण गिऱ्हाईक दुकानात तेवढंच थांबतं. तुम्ही मात्र ज्याच्यासोबत राहणार तो वास संध्याकाळचा असतो.

दुकानात आधी कागदाच्या पट्ट्यांवर घ्या आणि प्रत्येक पट्टीवर पेनाने नाव लिहा, नाहीतर पार्किंगपर्यंत पोहोचेस्तोवर सगळं विसरायला होतं. तीनपेक्षा जास्त घेऊ नका. त्यातले जास्तीत जास्त दोन अंगावर, एक डाव्या आणि एक उजव्या मनगटावर. मनगटं एकमेकांवर घासू नका. मध्येच नाक थकलं तर कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही. स्वतःच्या बाहीचा वास घ्या किंवा बाहेर मोकळ्या हवेत उभं राहा. मग त्याच दोन वासांसह घरी. एप्रिलच्या कोरड्या उन्हात वास भराभर उडतो, पावसाळ्याच्या दमट हवेत तोच वास जड होऊन बसतो, आणि एसीत वेगळाच वागतो. दिवाळीला घ्यायचा असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस आणि थंड संध्याकाळी एक दिवस असा बघा. शिवाय घरातल्या कुणालातरी विचारा. काही मस्क काही माणसांच्या नाकाला येतच नाहीत, हे जन्मजात असतं. मला एक परफ्यूम तासाभरात संपला असं वाटायचं, आणि आई रात्री जेवताना म्हणायची, "अगं, अजून घमघमतंय."

नव्या परफ्यूमच्या माहितीत जी नावं असतात त्यांना घाबरू नका. जॅस्मिन सॅम्बॅक म्हणजे आपला मोगरा. तमिळनाडूतल्या मोगऱ्याचा अर्क जगभरच्या परफ्यूममध्ये जातो. ट्यूबरोज म्हणजे निशिगंध, चंपाका म्हणजे सोनचाफा, व्हेटिव्हर म्हणजे उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा. मंडईबाहेर फुलवाल्यांच्या रांगेतून एकदा सावकाश चालत जा आणि मग दुकानात जा. निशिगंधाने तुमचं डोकं दुखत असेल तर ज्यात ट्यूबरोज पुढे आहे तो कितीही गाजलेला परफ्यूम असो, तुमच्यासाठी नाही. मला वाळा आणि चंदन आवडतं हे मला असंच कळलं. त्यानंतर निम्मी दुकानदारी माझ्यासाठी आपोआप बाद झाली, केवढी तरी दमछाक वाचली.

'लिमिटेड आहे, आजच घ्या' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. काही गोष्टी खरंच परत येत नाहीत, पण चांगलं असेल ते सहसा टिकतं. शनेल नंबर फाइव्ह हा परफ्यूम १९२१ चा आहे, गेर्लां कंपनीचा शालिमार १९२५ चा. दोन्ही आजही मिळतात. फक्त जुनं नाव नव्या बाटलीत आलं असेल तरी पुन्हा हुंगून बघा. युरोपात १ मार्च २०२२ पासून लिलियाल या सुगंधी रसायनावर बंदी आली, ते पुष्कळ परफ्यूममध्ये वापरलं जायचं, त्यामुळे कित्येक ओळखीचे वास थोडे बदलले. दहा वर्षांपूर्वी बहिणीकडे होता तोच आहे, असं समजून घेऊ नका.

किमतीबद्दल. मोठी फॅशन घराणी आता एकामागोमाग एक मेकअपमध्ये उतरलीत. एर्मेसने २०२० मध्ये २४ शेडच्या लिपस्टिक आणल्या. लुई व्हिटाँने २०२५ मध्ये मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्राथ यांना सोबत घेऊन ५५ आणल्या. आकडा ५५ कारण नावाची आद्याक्षरं एल आणि व्ही मिळून रोमन अंकांत तेवढे होतात. एकेक लिपस्टिक तेव्हा अमेरिकेत १६० डॉलरला होती. या डब्या हातात घ्यायला सुंदर असतात, रिफिल बदलता येते, आणि त्या सौंदर्यासाठी पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या, मला त्यात काही चूक वाटत नाही. पण तेव्हा आपण डबीचे पैसे देतोय हे मनाशी पक्कं असू दे. रंगासाठी देत असाल तर तो रंग स्कार्फच्या परीक्षेत उतरला पाहिजे.

परफ्यूम पहिल्यांदा घेताना मोठी बाटली नको. दहा मिलीची छोटी मिळत असेल तर ती घ्या. मिलीच्या हिशेबाने महाग पडते, पण चुकलं तर कमी जातं. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका, खोक्यासकट कपाटात ठेवा. मेकअपच्या खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. आणि अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. रीतसर आयात झालेल्या मालावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला असावाच लागतो. तो नसेल तर ठेवून द्या. त्वचा नाजूक असेल तर कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट बघा. सणाच्या आदल्या रात्री नवीन काही पहिल्यांदा लावू नका.

अजून एक. काउंटरवरच्या मुलीला सुरुवातीलाच सांगा, "आज घेणार नाहीये, लावून बघायला आलेय." संकोच करू नका. त्या आठ-नऊ तास उभ्या असतात, आणि खरं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं. फिनिक्समधल्या एका मुलीशी मी मराठीत बोलले तशी तिने हातातली नवी, गाजावाजा झालेली बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला हा दुपारनंतर केशरी दिसेल. हा दुसरा लावते, तुम्ही खाली कॉफी पिऊन या, मग बोलू." मी कॉफी पिऊन आले. तिचं बरोबर होतं. आठवड्याने घ्यायला गेले तेव्हा तिची ड्यूटी कधी आहे हे विचारून, तिच्याकडूनच घेतलं.

तुमच्या हातात दिवाळीपर्यंत वेळ आहे. मंगळवार-बुधवारी जा, शनिवार-रविवारी कुणालाच तुमच्याकडे बघायला सवड नसते. पहिल्या फेरीत फाउंडेशन, दुसऱ्या फेरीत परफ्यूम. दोन्ही एकाच दिवशी केलंत तर नाक आणि डोळे दोन्ही थकतील. आणि फाउंडेशनच्या दिवशी गाडीवरून जाणार असाल तर स्कार्फ पांढरा न्या.