विगान नेमकं कुणी वसवलं?

प्रश्न : फिलिपिन्सच्या सहलीत आम्ही विगान पाहिलं. गाइड म्हणाला, हुआन दे साल्सेदो या स्पॅनिश सरदारानं १५७२ मध्ये हे शहर वसवलं. पुढच्याच वाक्यात म्हणाला, त्याच्याही आधीपासून चिनी व्यापारी इथं येत होते. मग ते व्यापार करत कुणाशी होते? खरं काय?
– एक वाचक

उत्तर : गाइडची दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त त्यानं ती एकमेकांना जोडली नाहीत. आब्रा नदीच्या मुखाजवळ इलोकानो लोकांची वस्ती होती. पूर्वेकडच्या कॉर्डिलेरा डोंगरातलं सोनं खाली यायचं, आणि त्यासाठीच चिनी जहाजं येत. साल्सेदो तिथं पोचला तेव्हा पंचविशीच्या आतलाच होता. जन्म मेक्सिकोतला, मनिला घेणाऱ्या लेगाझ्पीचा नातू. त्यानं नांदत्या वस्तीत स्पॅनिश ठाणं मांडलं आणि १५७१ मध्ये जन्मलेल्या राजपुत्राच्या नावानं त्याला ‘व्हिया फर्नांदिना’ म्हटलं. १५७६ मध्ये तो तापानं वारला. म्हणजे १५७२ हे साल गावाचं नव्हे, स्पॅनिश कारभाराचं. स्थापनादिन ठरवायला सरकारी दप्तर लागतं, आणि ते स्पॅनिशांनी ठेवलं. इतकंच त्या सालाचं मोठेपण.

आता तुम्ही काय पाहिलंत ते विचारा. काये क्रिसोलोगो या रस्त्यावरची ती घरं साल्सेदोनं स्वप्नातही पाहिली नव्हती. १७५८ मध्ये न्यूएवा सेगोव्हिया धर्मप्रांताच्या बिशपची गादी लाल-लो या गावाहून इथं हलली आणि गावाचं वजन वाढलं. पण पैसा ओतला तो मेस्तिसोंनी, म्हणजे चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांनी. नीळ, तंबाखू यांच्या व्यापारात ते गब्बर झाले. तळमजला जाड विटांचा, तिथं माल आणि घोडागाडी. वर लाकडी मजला, तिथं कुटुंब. सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी कापिझ शिंपल्याच्या चकत्या. गाइडचे ते चिनी व्यापारी गेले कुठं, याचं उत्तर तुम्ही ज्या ओसरीवजा तळमजल्यांतून स्मृतिचिन्हं विकत घेतलीत, तिथंच आहे.

पुढं मेस्तिसो नदी गाळानं भरत गेली. एकेकाळी पाण्यानं वेढलेलं विगान आता बेट राहिलेलं नाही, आणि व्यापारही दुसरीकडं गेला. माझं मत असं, की घरं वाचली त्यात या मंदीचा मोठा वाटा आहे. पैसा खुळखुळत राहिला असता तर मालकांनी जुनं पाडून नवं बांधलं असतं. युनेस्कोनं १९९९ मध्ये ऐतिहासिक विगानला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तारखा जमवायची हौस असेल तर १७६२ टिपून ठेवा. इंग्रजांनी मनिला घेतली ती संधी साधून दिएगो सिलांग या इलोकानो पुढाऱ्यानं स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि विगानलाच राजधानी केली. पुढच्या मे महिन्यात जवळच्याच माणसाकडून त्याचा खून करवला गेला. त्याची बायको गाब्रिएला लढत राहिली, विगानवर चालूनही आली. २० सप्टेंबर १७६३ रोजी तिला इथंच फाशी दिलं. तुम्ही पाहिलेल्या मुख्य चौकाला मात्र नाव साल्सेदोचं आहे.