वाचकांचे प्रश्न : फोटो आमचा, विक्री भलत्याचीच

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोल्हापूरजवळच्या गावात राहतो. सासरे चाळीस वर्षं चपला करतायत, मी गेली तीन वर्षं फोटो काढून ऑनलाइन विकते, अमेरिका जर्मनीतले आपले लोक मागवतात. गेल्या महिन्यात तिकडच्या एका गिऱ्हाइकाने लिंक पाठवली, एका मोठ्या परदेशी साइटवर माझेच फोटो टाकून कोणीतरी 'कोल्हापुरी स्टाईल सँडल' निम्म्या किमतीत विकतंय. फोटो माझाच कशावरून तर खाली आमची शहाबादी फरशी आहे आणि तिच्या डाव्या कोपऱ्यातली चीरसुद्धा तशीच दिसते. मागवणाऱ्यांना रेक्झिनच्या चपला आल्यात आणि लोक रिव्ह्यूमध्ये 'कोल्हापुरी फालतू' असं लिहितायत, ते सासऱ्यांना वाचून दाखवायची माझी हिंमत नाही झाली. साइटला कळवलं तर म्हणे ट्रेडमार्क नंबर द्या. आमच्याकडे काहीच रजिस्टर नाही. कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे ना, मग हे चालतं कसं? (एक वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी रागच आला, पण धीर सोडू नका, तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी लंगडी नाहीये. झालंय असं की तुमची तक्रार चुकीच्या फॉर्ममध्ये गेली. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, फोटो, नाव आणि घडण, आणि तिन्हीचे कायदे वेगळे.

सगळ्यात आधी फोटो, कारण तिथे तुम्ही सगळ्यात भक्कम आहात. फोटो म्हणजे कॉपीराइट आणि त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, ज्या क्षणी तुम्ही मोबाइलवर क्लिक केलंत त्या क्षणी तो तुमचा झाला. बर्न करार म्हणून १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात १९२८ पासून आहे, त्यामुळे अमेरिकेत आणि जर्मनीतही तुमच्या फोटोला तिथल्या माणसाच्या फोटोएवढंच संरक्षण मिळतं. साइट अमेरिकन असेल तर त्यांचा १९९८ चा डीएमसीए म्हणजे इंटरनेटवरच्या कॉपीराइटचा कायदा आहे, साइटच्या कॉपीराइटच्या पानावर जाऊन त्या फॉर्ममध्येच तक्रार करा. तुमच्या मूळ फोटोची लिंक, त्यांच्या लिस्टिंगची लिंक, फोटो माझा आहे आणि वापरायची परवानगी मी दिलेली नाही हे विधान, नाव पत्ता आणि सही, एवढं पुरतं. खोटी तक्रार केली तर उलटं अंगाशी येतं, म्हणून जे फोटो नक्की तुमचे आहेत तेवढेच टाका.

आणि फोन हातात घेतलाय तर आजच एक काम करा, मूळ फाइल शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली नको, गॅलरीतली, जिच्यात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल सगळं असतं. त्याच दुपारी काढलेले न टाकलेले फोटो असतील तर तेही जपा, तीच फरशी, तीच चीर, पण चप्पल जरा तिरकी, असे फोटो चोराकडे असूच शकत नाहीत. त्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट आधी काढून ठेवा, मगच तक्रार करा, कारण लिस्टिंग गायब झाली की पुरावाही गेला.

समोरचा उलट अर्ज करू शकतो की फोटो माझाच आहे. मग तुम्ही कोर्टात गेल्याचं कळवलं नाही तर अमेरिकन साइट साधारण १० ते १४ कामाच्या दिवसांत लिस्टिंग परत चढवते. पण माझा अनुभव असा की असले विक्रेते भांडत बसत नाहीत, नवीन नावाने नवीन दुकान उघडतात. त्रास तिथेच आहे, दर महिन्याला फोटोवरून सर्च करून बघावं लागतं.

आता नाव, म्हणजे जीआय. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी, आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या म्हणजे लिडकॉम आणि लिडकरच्या नावावर आहे. पण हा जीआय भारताच्या हद्दीत चालतो, हद्द संपली की त्याचा जोर संपतो. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात तर सरळ दोन पंगती आहेत. वाइन आणि दारूसाठी नियम कडक, 'शॅम्पेन स्टाईल' असं लिहिणंसुद्धा चालत नाही, बाकी सगळ्या मालाला मात्र गिऱ्हाइकाची फसवणूक झाली हे दाखवावं लागतं. म्हणून तुमच्या चोराने 'स्टाईल' शब्द घातलाय. फ्रान्सच्या दारूला जे मिळतं ते हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याला का मिळू नये? भारत हे कित्येक वर्षं मांडतोय, अजून पदरात पडलेलं नाही. दार्जिलिंग चहाचं नाव टी बोर्डाने अमेरिकेत सर्टिफिकेशन मार्क म्हणजे माल खरोखर तिथलाच असल्याची खूण म्हणून नोंदवून घेतलंय. तसं करणं एकट्या कारागिराचं काम नाही, महामंडळांनी देशोदेशी जाऊन करायला हवं आणि आपण त्यांच्या मागे लागायला हवं.

प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीचं प्रकरण आठवत असेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं, इकडून बोंबाबोंब झाल्यावर मूळ भारतीय असल्याचं कंपनीने मान्य केलं. प्राडाविरुद्धची मुंबई हायकोर्टातली जनहित याचिका मात्र जुलैमध्ये फेटाळली गेली, जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकतात असं कोर्टाचं म्हणणं होतं. आणि जीआय नावाचं रक्षण करतो, इथे तर नावच घेतलेलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात प्राडाचा लिडकॉम-लिडकरशी करार झाला पण तो लोकांच्या आवाजामुळे, कायद्याच्या धाकाने नाही.

सासऱ्यांचं नाव जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदवून घ्या, २०२० पासून त्याची फी फक्त १० रुपये आहे. आणि दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क पादत्राणांच्या वर्ग २५ मध्ये टाका, एकट्या माणसाला ऑनलाइन ४,५०० रुपये. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागायच्या करारात आहे, त्यामुळे इथल्या अर्जाच्या आधारावर बाहेरचे देशही निवडता येतात, पण फी स्विस फ्रँकमध्ये, तेव्हा जिथे खरंच माल जातो तेवढेच घ्या.

घडणीचं थोडक्यात. चपलेचे कान, वेणी, अंगठा हे पिढ्यान्‌पिढ्यांचं, ते कुणा एकाचं होत नाही. पण सासरे अगदी नवीन नक्षी काढत असतील तर डिझाइन कायदा २००० खाली १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं संरक्षण मिळतं. अट एकच, अर्ज आधी आणि इन्स्टाग्राम नंतर. एकदा पोस्ट टाकलीत की ते डिझाइन 'नवीन' राहत नाही, आणि इथेच आपल्याकडची मंडळी सगळ्यात जास्त फसतात.

प्रश्न : सर/मॅडम, अप्पा बळवंत चौकातून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या घेऊन अमेरिकेत ऑनलाइन विकायचा विचार आहे. पुस्तकं ओरिजिनल आहेत, पायरेटेड नाहीत. चालेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थांबा, पैसे गुंतवायच्या आधी ऐका. अमेरिकेत थायलंडच्या एका विद्यार्थ्याने नेमकं हेच केलं होतं, घरच्यांकडून तिकडच्या आवृत्त्या मागवून ईबेवर विकल्या, प्रकाशकाने केस टाकली, ज्युरीने त्याला ६ लाख डॉलर भरायला सांगितले आणि २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने फिरवला, की कायदेशीर छापलेलं पुस्तक एकदा विकलं की पुढच्या विक्रीवर कॉपीराइटवाल्याचा हक्क नाही. पण तुम्ही पुण्यात बसून पाठवणार आहात. दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये अशाच आवृत्त्या भारतातून बाहेर विकणाऱ्यांना मनाई केली होती, कारण पुस्तकावर स्पष्ट छापलेलं असतं की विक्री अमुक देशांपुरतीच. म्हणजे तिकडे चालणारी गोष्ट इकडून पाठवताना अडकते. मागच्या पानावरची ती ओळ वाचा, ती असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही पार्सल पाठवू नका.