बेळगाव भागातल्या मशिदीत वजूच्या (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या) पाण्याची नासाडी आणि हौदातले डास कसे रोखावेत?

आधी नळ मोजा, मग बयान (मशिदीतलं प्रवचन). पैगंबर (स.) एका मुद्द (जुनं माप) पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरात वजू करत, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. मशिदीतला नळ मिनिटभर पूर्ण सोडून बादलीत मोजा आणि तो आकडा जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजाला) मुद्दच्या शेजारी ठेवून सांगा. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाचं पाणी खाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, लगेच पटतं. मग नळाआधीचा कॉक आवळून धार मिनिटाला दोन-तीन लिटरांवर आणा. मसह करताना, म्हणजे ओला हात डोक्यावरून फिरवताना, वाहत राहिलेला नळ हीच खरी नासाडी.

वजूच्या पाण्यात साबण नसतो. चर काढून ते नारळ-पेरूला द्या. पुन्हा वजूला मात्र चालत नाही. लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी तो सदका (दानधर्म), हे बयानात यायलाच हवं.

डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून लहान टाक्या, रांजण दर गुरुवारी रिकामे करून कडा ब्रशनं घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा.