पेशी तुमच्या, निर्णयही तुमचाच

प्रश्न : धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे. माझ्या मूळ पेशी (स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी) त्याच्याशी जुळल्या. मी देणारच, असं घरात सगळे गृहीत धरून बसलेत. मला भीती वाटते. नकार देता येईल का?

उत्तर : येईल. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता साधारण 25 टक्केच असते, त्यामुळे जुळलेल्यावर सगळ्यांची नजर खिळते. अमेरिकेत 1978 मध्ये रॉबर्ट मॅकफॉल या रुग्णाने अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ भाग) द्यायला नकार देणाऱ्या आपल्या नातेवाइकाविरुद्ध, डेव्हिड शिम्पविरुद्ध, दावा लावला. नकाराचं नैतिक समर्थन करता येत नाही, असं न्यायाधीशांनी सुनावलं. तरी सक्ती केली नाही. मॅकफॉल त्याच वर्षी गेला. हा निकाल वाचताना आजही घशात आवंढा येतो, पण मला तो योग्यच वाटतो.

मात्र वेळ सांभाळा. प्रत्यारोपणाआधी तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर तुम्ही मागे फिरलात, तर भावाच्या जिवावर बेतेल. म्हणून आत्ताच बोला, तेही भावावर उपचार न करणाऱ्या डॉक्टरांशी, एकट्याने. नकार दिलात तर कारण घरी कळू नये, असंही त्यांना सांगता येतं.

प्रश्न : ‘काहीच त्रास होत नाही’ हे खरं?

उत्तर : नाही, आणि असं सांगणं हीच फसवणूक. रक्तातून पेशी घ्यायच्या तर चार-पाच दिवस इंजेक्शनं, हाडं ठणकणं, डोकेदुखी, मग काही तास यंत्राला जोडून बसणं. कंबरेच्या हाडातून घ्यायच्या तर भूल द्यावी लागते. गंभीर गुंतागुंत क्वचितच होते, पण होऊ शकते.

प्रश्न : शस्त्रक्रियेत काढलेली चरबी ‘संशोधनासाठी’ द्यायच्या कागदावर सही करू?

उत्तर : आधी त्या एका शब्दात काय काय मावतं ते विचारा. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींसारखं रूप दिलं. तशा पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवता येतात आणि त्यांत तुमचा, थोडाफार नातलगांचाही, जनुकीय आराखडा असतो. त्यांपासून अंडपेशी किंवा शुक्राणू बनवायचे झाल्यास वेगळी परवानगी घेणार का? कंपनीला विकणार का? जॉन मूर या रुग्णाने आपल्या पेशींच्या वापरावरून डॉक्टरांविरुद्ध लावलेल्या खटल्यात 1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी मानली नाही, पण डॉक्टरांनी आपला आर्थिक हितसंबंध आधी सांगायला हवा होता, असं म्हटलं. संमती मागे घेतली, तर न वापरलेला नमुना नष्ट करता येतो. वाटली गेलेली माहिती परत येत नाही.

प्रश्न : दात्याला पैसे द्यावेत?

उत्तर : प्रवासखर्च, बुडालेली मजुरी जरूर द्यावी. पेशींची किंमत नको. गरजू माणूस पैशासाठी आजार लपवेल, आणि तो आजार रुग्णाच्या अंगात जाईल.