सावलीत लवकर फुलणारी झाडं: बर्फातली आणि आपली

प्रश्न (मुरबाड, रोपवाटिकाधारक): वाशी, घोडबंदरची गिऱ्हाइकं परदेशात पाहिलेली स्नोड्रॉप, ट्युलिप सोसायटीच्या सावलीत लावायला मागतात. कंद मागवून विकू का?

उत्तर: नका विकू, दादा. या कंदांना फुलण्याआधी लांबलचक थंडी लागते. ट्युलिपलाच २ ते ९ अंशांत १२ ते १६ आठवडे. वाशी-ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही पारा १५ च्या खाली क्वचितच जातो. शीतगृहातला ट्युलिप एकदा फुलेल, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तुमच्या दारात भांडायला येईल. शिवाय परदेशी कंदांना आयात परवाना आणि तिथला फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचा) दाखला लागतो. कुणी बॅगेतून आणून दिले तरी घेऊ नका.

तिकडे वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आत ही फुलं ऊन साधून घेतात. आपल्याकडेही असं आधी फुलणारं आहे, फक्त त्याची झोप थंडीची नसून कोरड्या दिवसांची. भुईचाफा एप्रिल-मेमध्ये थेट जमिनीतून फुलतो, पानं मागाहून येतात. त्याच सुमारास फुटबॉल लिलीचा लाल गोळा. रानहळद पहिल्या पावसाबरोबर.

तिघांनाही सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली पुरते. इमारतीच्या कडेला बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो, तिथे आधी वीतभर खोल माती बदलायला सांगा. भुईचाफ्याचा कंद दोन बोटं खोल. फुटबॉल लिलीच्या कंदाची मान मातीच्या पातळीला. पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. इथेच शहरातली माणसं चुकतात: रिकामी कुंडी बघून जीव कळवळतो, रोज तांब्याभर पाणी जातं आणि कंद सडतो. म्हणून प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लावा, ‘मेलेलं नाही, झोपलंय’. विक्री फूल असतानाच करा. डिसेंबरात नुसती माती कोण विकत घेणार?

कंद वाढवायचे ते तुमच्याच बेटातून (झुबक्यातून), भुईचाफा-रानहळदीच्या प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा ठेवून. येऊरच्या रानात उकरायला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

प्रश्न (वाशी): मुलगा टोरांटोला असतो. घरामागे मेपलची दाट सावली आहे. तिथे काय लावावं?

उत्तर: काका, तिथे मात्र स्नोड्रॉप खुशाल लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, सात-आठ सेंटिमीटर खोल, पाच-सातच्या घोळक्याने. फुलं गेल्यावर पात आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नये, पुढच्या वर्षाचा साठा त्यातूनच होतो. मेपलची मुळं उथळ असतात आणि सगळं पाणी ओढतात; म्हणून मुळं न तोडता मधल्या खळग्यांत लावावं, वर कुजलेल्या पानांचा थर द्यावा. पांढरा ट्रिलियम हे ओंटारिओचं १९३७ पासूनचं राज्यफूल. तोही चालेल, पण बियांपासून फुलायला सात-आठ वर्षं घेतो, तेव्हा नर्सरीत वाढवलेलं रोपच घ्यावं. हेलेबोरही सावलीत छान येतो. तो सगळाच विषारी आहे. नातवंडं हाताळत असतील तर कुंपणापलीकडे लावायला सांगा.